घडी मोडायची राहिली

आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे फुलचूरमधल्या आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पण कपड्यांच्या बाबतीत ती जे करायची त्याला काय म्हणावं, हे मला अजून कळलेलं नाही. लोक जुना कपडा नवा म्हणून खपवतात. आई जुन्या कपड्याचं असं काही सोनं करायची की बघणाऱ्याला तो गोंदियातल्या मोठ्या दुकानातला वाटावा, आणि मग स्वतःच त्या बघणाऱ्याला गाठून सांगायची, "जुना आहे. बर्तनवालीकडून घेतला."

बर्तनवाली म्हणजे जुने कपडे घेऊन त्यावर स्टीलची भांडी देणारी बाई. डोक्यावर टोपली, काखेत बोचकं. साऱ्या बायका तिला कपडे द्यायच्या आणि भांडी घ्यायच्या. माझी आई उलटं करायची. ती तिला बसवून चहा पाजायची, बोचकं सोडायला लावायची आणि घरातला एखादा गंज, म्हणजे भात शिजवायचं पातेलं, पुढ्यात ठेवून आतला शालू काढून घ्यायची. तिच्या लग्नात आलेली भांडी अशीच एकेक करून गेली. बाबा जेवायला बसले की विचारायचे, "भाताचा मोठा गंज कोठं गेला?" आई माझ्याकडे बोट दाखवायची. मी तो अंगात घातलेला असायचा.

बाबांच्या पगारात माझं शिक्षण निघत होतं, रेशीम निघत नव्हतं, हे मला कळायचं. म्हणून मी तक्रार कमी करायचे आणि चिडचिड जास्त. आईच्या मशीनपाशी उभं राहून मापं देताना नाकात डांबराच्या गोळ्यांचा वास बसायचा. काखेत कुणाच्या तरी घामाची पिवळी कड असायची, ती आई कापून टाकायची. कंबरेत कुणाच्या तरी जुन्या टिपांची भोकं दिसायची, त्यांवर ती टिकल्या लावायची. माझ्या प्रत्येक झगमगत्या कपड्यात आधी कोणीतरी राहून गेलेलं असायचं.

मैत्रिणींकडे नव्या साडीची घडी मोडायचा केवढा सोहळा असायचा. दुकानातून आलेली साडी देवापुढे ठेवायची, कुंकू लावायचं, आणि ज्याचं जास्त कौतुक असेल त्याला पहिल्यांदा नेसायला द्यायची. "घडी तू मोड," असं म्हणायचं. आमच्या घरी घडी मोडून, चुरगळून, धुऊन, विटूनच कपडा आत यायचा. मला एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या हाताने कोरी घडी मोडायची होती. माझी एवढीच हौस होती आणि ती मी कुणाला सांगितलेली नव्हती.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा वर्गातल्या एका मुलीच्या भावाचं रिसेप्शन निघालं. तिच्या वडिलांची राइस मिल होती, त्यामुळे रिसेप्शन लॉनवर, आणि पत्रिकेवर 'सहपरिवार'. म्हणजे आईही येणार. साऱ्या मुली लेहंगे घालणार होत्या. मी म्हटलं, मी येतच नाही. आई म्हणाली, "काऊन नाई जात? मी करून देतो ना."

तिने केलं, आणि तिथेच सगळा घोटाळा होता, कारण तिने फारच चांगलं केलं. पदराला फाटलेला, पण काठ शाबूत असलेला जांभळा शालू तिने आडवा कापून त्याचा घेर काढला. कुण्या नवरदेवाच्या किनखापी शेरवानीची चोळी शिवली आणि तिची सोनेरी बटणं तशीच पुढे ठेवली. गोट्याची, म्हणजे जरीच्या किनारीची, ओढणी तिसरीकडून आली. आरशात पाहून मी दोनदा गिरकी घेतली. मग म्हटलं, "आई, तुले हात जोडतो. तिथं कोणाले काही सांगू नको."

"मी कायले सांगू?" आई म्हणाली. ही बाई असं म्हणाली.

लॉनवर पहिला अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर अर्धा तास होता. मुली माझ्याभोवती गोळा झाल्या. "कहाँ से लिया रे?" असं विचारत एकीने घेर हातात धरला. मी आधीच घोकून ठेवलं होतं, "नागपूर से." त्यांनी माना डोलावल्या. मिलवाल्यांची मुलगी, जिच्या घरचं लग्न होतं, तीसुद्धा म्हणाली की तिचा लेहंगा असा पडत नाही.

आणि तेवढ्यात आई आली. हातात गुपचूपचा, म्हणजे पाणीपुरीचा, द्रोण, तोंडात एक गुपचूप. घास गिळायचाही दम निघाला नाही तिला.

"अरे नागपूर काहे का!" ती म्हणाली. आईची हिंदी म्हणजे मराठीलाच हिंदीचा फेटा बांधलेला. "ये बर्तनवाली के पास का है. एक गंज दिया मैंने. ये ऊपरवाला तो शेरवानी था. बटन देखो ना, आदमी के साइड है!"

साऱ्या जणी वाकून बटणं बघू लागल्या. खरंच ती उलट्या बाजूला होती, ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कोणी खवचट बोललं नाही, उलट एकीने आईला विचारलं, "आंटी, मेरे लिए भी करोगे?" आई तिथेच तिच्या खांद्याचं माप वितीने घ्यायला लागली. मिलवाल्यांच्या मुलीने आपल्या आईला हाक मारून बोलावलं आणि मला गोल फिरवून दाखवलं. माझ्या नागपूरवर पाणी फिरलं होतं. मला वाटलं, या लॉनच्या गवतात तोंड खुपसून बसावं.

परत येताना रिक्षात मी फुटले. बाबा पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले होते, ते खोकल्यासारखं करून बाहेर बघू लागले.

"तुले गप्प राहाले काय होत होतं?" मी ओरडले. "साऱ्या गावाले सांगून राहिली, उतरन आहे, उतरन आहे! जन्मभर लोकायनं मोडलेल्या घड्या घालून राहिली मी. एकदा तरी मले माझ्या हातानं घडी मोडू दे!"

आईने माझी घसरलेली ओढणी खांद्यावर नीट केली. मग म्हणाली, "घडी मोडाले काय लागते? इस्तरी मारून, घडी घालून देतो. मोड मंग."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी हात टेकले. आई मात्र घरापर्यंत त्या दुसऱ्या मुलीच्या ब्लाउजला किती कापड लागेल याचा हिशोब करत बसली.

पुढे मला चिचगडला शाळेत नोकरी लागली. मी कपडे घेतले, भरपूर घेतले, दुकानातून, पुठ्ठ्याच्या खोक्यातले, कडक घडीचे. घड्या मोडून मोडून हौस फिटली. आईचा उद्योग चालूच होता. मी तिला नवी साडी आणली की ती लगेच कुणाला तरी देऊन टाकायची आणि बर्तनवालीची वाट बघायची. माझ्या डोक्याला ताप तो ताप.

मामाच्या मुलाचं लग्न सौंदडला ठरलं. संध्याकाळी रिसेप्शन होतं. मी ठरवलं, या वेळी आई नवी नेसणार म्हणजे नेसणार. तिच्यासाठी मोरपंखी रेशमी साडी आणली आणि बजावलं, "ही कोणाले द्यायची नाही. तूच नेसायची."

तिने साडीवरून हात फिरवला. देवापुढे ठेवली, कुंकू लावलं. आणि मग उचलून माझ्याच हातात दिली.

"घडी तू मोड."

"झालं सुरू!" मी म्हटलं. "तुयासाठी आणली ना आई! कायले डोकं खाऊन राहिली?"

"मले देल्ली ना? मंग माही झाली. माही साडी मी कोणालेई देईन."

"माझ्याकडं पंचवीस नव्या साड्या आहेत!"

"त्या तू घेतल्या," आई म्हणाली. "म्या कोठं देल्ली? तुही घडी माह्याकडं राहिली होती. रिक्षात बोलली होतीस."

इतक्या वर्षांत तिने त्या रिक्षाचं नावही काढलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त तिचा राग येत होता, की हे आधी नाही का सांगायचं. मी साडी नेसले. तिने निऱ्या धरल्या आणि स्वतः ट्रंकेतला जुना, तीनदा रफू केलेला शालू काढून नेसली.

मांडवात पाय ठेवला आणि आईचा आवाज सुटला. "नवी आहे हो! कोरी! आत्ताच घडी मोडली पोरीनं!"

मामी खो खो हसली. "तुमच्या घरी अन् नवी? आता कोण्ता गंज देल्ला, सांगा."

"नाई व, खरंच नवी!"

सगळ्या बायका हसू लागल्या. एकीने काठ उलटा करून जुन्या टिपा शोधल्या. दुसरीने पदराचा वास घेऊन पाहिला. आई शपथा घेत एकेकीला पटवत फिरली, पण जन्मभर खरं बोललेल्या बाईवर त्या दिवशी कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. शेवटी ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे वळली.

"सांग ना व तू!"

कपड्याबद्दल चारचौघांत एक अक्षर निघू नये म्हणून मी आयुष्यभर जीव मुठीत धरून वावरले होते. बँड वाजत होता, त्यामुळे मला मांडवभर ओरडावं लागलं.

"नवी आहे! आईनं देल्ली!"