दहा मिनिटं पुढचं घड्याळ

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरातलं घड्याळ माझ्या लग्नाच्या आधीपासून दहा मिनिटं पुढं होतं. नवऱ्याला शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत नेणारी बस सकाळी सहाला कोपऱ्यावर येते, ती चुकू नये म्हणून. पण घड्याळ पुढं आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे जो तो मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायचा. मग पुढं ठेवून उपयोग काय, हे विचारायची सोय नव्हती.

दुसरीतल्या लेकीला इंग्रजीत वेळ सांगायला मीच शिकवलं. माझं सगळं शिक्षण मराठीत. मोबाइलवर बघून आधी मी शिकले, मग पोळ्या लाटता लाटता तिच्याकडून घोकून घेतलं. सव्वा म्हणजे क्वार्टर पास्ट, पावणे म्हणजे क्वार्टर टू. पोरगी इतकी तयार झाली की दारावरच्या भाजीवालीलाही इंग्रजीत वेळ सांगायची.

तोंडी परीक्षेत मॅडमनी वर्गातल्या घड्याळाकडं बोट दाखवलं. पावणेअकरा वाजले होते. लेकीनं घरच्या सवयीनं दहा मिनिटं वजा केली आणि म्हणाली, ट्वेंटी फाइव्ह टू इलेव्हन. इंग्रजी अचूक, मार्क शून्य! पालकसभेत मी मॅडमना घरच्या घड्याळाचं सांगायला गेले, तर सगळ्यांसमोर हसून म्हणाल्या, "आधी घरचं घड्याळ दुरुस्त करा, मग मुलीला शिकवा." बाकीच्या आयाही हसल्या. लेक माझ्या ओढणीत तोंड लपवून उभी होती. त्या दिवसापासून तिनं इंग्रजीत वेळ सांगणंच सोडलं. आजही ते हसणं आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, "लई मनाला लावून घेती तू. अन् घड्याळाला हात लावायचा नाय."

लावला. स्टुलावर चढून काटे बरोबर केले. सांगितलं फक्त लेकीला. नवऱ्याला मुद्दाम नाही.

सकाळी घड्याळात सहा वाजले, तेव्हा हे निवांत बशीत चहा ओतत होते. मग डबा घेऊन कोपऱ्यावर गेले आणि लालबुंद होऊन परत आले.

"बस गेली! खरे वाजले तरी किती?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेक अंथरुणातून उठून घड्याळाखाली जाऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिचा खणखणीत आवाज ऐकला.

"क्वार्टर पास्ट सिक्स, पप्पा. आता वजा नाय करायचं."