नक्कीरावांचा शनिवार

त्यांना पाठीमागे सगळे नक्कीराव म्हणत. धंदा रेसचे घोडे तयार करण्याचा आणि तोंडात एकच शब्द: नक्की. घोडा लंगडत असला तरी नक्की, पेंगत असला तरी नक्की. हरला की खापर जॉकीवर, नाहीतर मैदानावर, आणि कोणीच सापडलं नाही तर घोड्याच्या आईवर. जिंकला तर मात्र मेहनत यांची. सकाळी घोडे सरावाला निघत तेव्हा हे महाशय चहाचा कप घेऊन कठड्याला टेकायचे आणि पेपरात आलेला स्वतःचा फोटो घोड्यांना खरारा करणाऱ्या माणसांना दाखवायचे.

त्या शनिवारी त्यांचे दोन घोडे धावणार होते. एक उंचापुरा लाल घोडा, एका बिल्डरचा. दुसरी काळी घोडी, दातांच्या डॉक्टरीणबाईंची. नवरा गेल्यावर बाईंनी ती घेतली होती. दर रविवारी तबेल्यात येऊन तिला गाजरं भरवायच्या. घोडीने आजवर पहिल्या तिनांत कधी नाक खुपसलं नव्हतं. तरी तिची रेस असली की बाई दवाखाना बंद ठेवून हजर.

सकाळी रेडिओवाल्याचा फोन आला तेव्हा नक्कीराव दाढी करत होते. गालाला साबण तसाच ठेवून बोलत सुटले. "लाल घोडा आज नक्की! मी स्वतः घडवलाय. घोडी? ती काय, हवा खाऊन येईल."

"अहो, त्या बाई ऐकत असतील," बायको आतून म्हणाली.

"ऐकू दे. तुला घोड्यांतलं काय कळतं?"

मग त्यांनी स्वतःच बाईंना फोन लावला. "आज येऊ नका, बाई. उगाच दिवस वाया जाईल." खरी गोष्ट अशी की बाईंच्या पासावर त्यांना बिल्डरच्या साडूला मालकांच्या सज्जात बसवायचं होतं. बाई "बरं" म्हणाल्या.

लाल घोडा सुरुवातीलाच मागे पडला आणि शेवटपर्यंत इमानाने मागेच राहिला. बिल्डरचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. नक्कीराव त्याच्यामागे शेपूट हलवत कँटीनमध्ये गेले आणि जॉकी किती नालायक हे पटवत बसले. त्यामुळे घोडीची रेस झाली तेव्हा त्यांची पाठ मैदानाकडे होती. ती तिसरी आल्याचं त्यांना वेटरने सांगितलं.

लगेच बाईंना फोन. "अभिनंदन, बाई! तिसरी! मी म्हणत नव्हतो?"

"कशी पळाली हो?"

"काय सांगू! सुरुवातीला मुद्दाम मागे ठेवायला लावली होती मी. शेवटच्या वळणावर अशी उसळली म्हणता, एकेकाला मागे टाकत आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"मी दवाखान्यात टीव्हीवर बघत होते. ती पहिल्यापासून पुढे होती. अगदी शेवटी दोघांनी गाठलं तिला. पेशंट आ वासून खुर्चीत, आणि मी शेजारी उभी राहून ओरडत होते. तुम्ही कुठे होतात?"

खोटं बोलणाऱ्यालाही थोडी लाज असते. यांना तीही नव्हती. "टीव्हीवर तसं दिसतं, बाई," नक्कीराव म्हणाले.

सोमवारी बाई घोड्यांची गाडी घेऊनच तबेल्यात आल्या.

"दुसरा ट्रेनर बघितलाय."

"घोडीत दम नाही, बाई. तोंड पाडून परत याल."

"माझं मी बघेन. तुम्ही गाडीसमोरून बाजूला व्हा."

नक्कीराव जागचे हलेनात. त्यांची बायकोच तबेल्यामागच्या घरातून आली. त्यांना कोपराने बाजूला सारून तिने घोडीच्या अंगावरची झूल घडी करून बाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "थंडीत हिला हीच लागते."

घोडी पुढेही कधी जिंकली नाही. बाई मात्र प्रत्येक रेसला जातात, आणि नवा ट्रेनर त्यांच्या शेजारी उभा राहून रेस बघतो. नक्कीराव सांगत फिरतात की असली रद्दी घोडी आपणच काढून टाकली. बायको जवळपास असली तर मात्र सांगत नाहीत.