मूलच्या पुढे पन्नी मिळत नाही

"नागपूरचे आपण, आणि गडचिरोलीचं जंगल अजून पाहिलं नाही!" नवऱ्याने टोमणा मारला, मग काय, शनिवारी पहाटेच गाडी काढली. वरोऱ्याला तर्री पोहे खा, शंभराच्या आत दोघांचं पोट भरतं. चंद्रपूरपर्यंत रस्ता झकास. तिथे मुक्काम केला आणि सकाळी मूल गावाकडे निघालो. पेट्रोल आधीच भरून घ्या, पुढे जंगल लागतं आणि मोबाइलची रेंज जाते.

मूलच्या पुढच्या एका गावात तांदूळ आणि गूळ घ्यायला किराणा दुकानात शिरले. नवरा सवयीप्रमाणे बाहेरून व्हिडिओ काढत होता. माझ्यापुढचा माणूस काळ्या पन्नीत डाळ घेऊन गेला. आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीला पन्नीच म्हणतात. मीही मागितली.

"पन्नी नाई जी. बंदी आहे," दुकानवाली बाई म्हणाली.

"आत्ताच दिली की त्यांना!"

"म्या कोणाले नाई देल्ली."

डोळ्यांदेखत खोटं! असं डोकं फिरलं माझं. बंदी मला पटते हो, पण गावच्यांना एक न्याय आणि आम्हाला दुसरा? आता महागडी कापडी पिशवी गळ्यात मारणार, असाच संशय आला. बाई मात्र नवऱ्याच्या मोबाइलकडे टक लावून बघत होती.

"कोण्या ऑफिसातून आल्या, मॅडम?"

मी चाटच पडले. बाकावर बसलेले एक म्हातारे भाऊ म्हणाले, "मांगं अशीच एक मॅडम आली होती. भाजी सांडून राह्यली, एक पन्नी द्या म्हणे. हिले दया आली. देल्ली तशी गाडीतून साहेब उतरले अन् दंडाची पावती फाडली. आता पन्नी सापडली त दुकानच बंद करतो म्हणते साहेब. एकटी बाई, खाईन काय?"

मला इतकी लाज वाटली! नवऱ्याला हाक मारून तिच्यासमोर व्हिडिओ पुसायला लावला. "अहो बाई, याचे व्हिडिओ माझी सासूसुद्धा बघत नाही!" मग ओढणी काउंटरवर पसरली. "यात बांधा."

भाऊ खो-खो हसले. बाई हसली नाही. मान खाली घालून तांदूळ ओतला, गुळाची कागदी पुडी मधे ठेवली आणि गच्च गाठ मारली.

घरी येऊन गाठ सोडली. कागदाच्या आत गूळ काळ्या पन्नीत होता. उन्हात पाघळून ओढणी खराब होईल, म्हणून. मी खरंच ऑफिसातली असते तर? एवढ्या पुराव्यावर तिचं दुकान गेलं असतं.

"फोटो टाक ब्लॉगवर," नवरा म्हणाला. नाही टाकला. वाचणाऱ्यांत कोण कोण आहे, मला काय माहीत! जंगल बघायला खुशाल जा, जाताना कापडी पिशवी न्या. पण कॉमेंटमध्ये गावाचं नाव विचारू नका, मी सांगणार नाही.