दोन बोटं जास्त

नवा रायपूरमधल्या आमच्या कॉलेजात डिझाइनच्या प्रकल्पासाठी मी कूलर निवडला. एकाच वेळी तीन पिढ्यांचा कूलर आखायचा होता: आता येणारा, त्यानंतरचा आणि त्याच्याही नंतरचा. सगळं अजून कागदावरच होतं.

पुरानी बस्तीतल्या आमच्या खिडकीला लोखंडी कूलर आहे, मी शाळेत जायच्या आधीपासूनचा. दर उन्हाळ्याआधी बाबा त्याला आतून रंग देतात, बाजूच्या जाळ्यांत पाणी धरणारी नवी घास भरतात. मोटर जळाली तर मोटर बदलते, डबा तोच राहतो. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कूलर कुणी टाकून देत नाही. म्हणून मी तिन्ही पिढ्यांना एकाच मापाचा डबा दिला. पुढचा पंखा, पुढचा पंप, कमी विजेची मोटर, सगळं जुन्या डब्यात बसेल असं.

सर तक्ता पाहून हसले. "पुराना डब्बा चलता रहा तो नया कौन लेगा, बेटा?" पेन्सिलीने त्यांनी दुसऱ्या पिढीचं माप दोन बोटं वाढवलं. "और स्क्रू के छेद थोड़ा खिसका दो."

त्या दोन बोटांनी हवा जास्त थंड होणार नव्हती. जुन्या डब्यात नवं काही बसू नये, एवढ्यासाठीच ती होती. चूक असती तर मी समजून घेतलं असतं. हे ठरवून होतं, आणि तेही पहिला पत्रा कापायच्या आधी! पण मी तक्ता गुंडाळून बाहेर आले. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. सरांशी किती बोलावं हे कुणाला विचारणार?

आईला सांगितलं. ती कूलरमध्ये पाणी भरत होती.

"काहून तणतणून राहिली? सर म्हणतात तसं काढून दे. नंबर त्यांच्याच हातात हायेत."

"मग डबा मोठा झाला की खिडकीची जाळी कापायची का?"

"कागदावरचा कूलर आपल्या खिडकीत कोन लावून राहिला, पोट्टे?"

मला आणखीच राग आला. कागदावर आहे तोवरच तर थांबवता येतं ना?

सादरीकरणाला मी तिन्ही रकान्यांत जुनंच माप लिहून नेलं. "सर, हे मी नाही बदललं."

"नंबर कटेंगे."

"जी सर."

गुण कापले. त्याचं इतकं वाटत नाही. पण त्या दिवशी वर्गातल्या बाकीच्यांच्या मिक्सर-पंख्यांचे छेद मुकाट सरकलेले होते आणि सर प्रत्येकाला शाबासकी देत होते, ते आठवलं की अजून माझे कान तापतात.