मखरातला अंटार्क्टिका

गुरुवार, गणपतीचा दुसरा दिवस. सकाळची मीटिंग, भांडुपच्या आमच्या लॅबमध्ये.

हजर: देसाई सर (लॅबचे मालक), सावंत (सीनियर टेक्निशियन), प्राजक्ता (क्लायंट) आणि मी (लॅब मॅनेजर).

गैरहजर: प्राजक्ताच्या सॅम्पलमधले दगड. मीटिंग त्यांच्याबद्दलच होती.

"दगड कुठे आहेत?" प्राजक्ताने विचारलं.

"कसले दगड?" सर म्हणाले.

"सर, मी फोनवर सांगितलं होतं तुम्हाला. चिखलाची टेस्ट करा आणि दगड वेगळे ठेवा."

सरांनी सावंतांकडे पाहिलं. सावंत म्हणाले, "तुम्ही मला सांगितलंत, नेहमीसारखं करा. मी नेहमीसारखं केलं."

आमचं नेहमीसारखं म्हणजे काय, ते आधी सांगते. आमच्याकडे बिल्डरांच्या साइटवरची माती येते. टॉवर उभा करण्याआधी जमिनीत बोअर मारतात आणि निघालेली माती तपासायला पाठवतात. कांदिवली असो की नाहूर, वरच्या थरांत भरावच जास्त. विटांचे तुकडे, खडी, कधी फरशी. बारीक मातीच्या टेस्टमध्ये हे आलं की आकडे बिघडतात. म्हणून आमच्या SOP मधली, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतीतली, चौथी पायरी अशी आहे: दोन मिलिमीटरच्या चाळणीवर जे राहील ते टाकून द्या. ही SOP भिंतीवर लावलेली आहे. सावंत ती न वाचता पाळतात, इतकी वर्षं झाली.

प्राजक्ताची माती मात्र कुठल्या टॉवरखालची नव्हती. ती अंटार्क्टिकाजवळच्या समुद्राच्या तळाची होती. प्राजक्ता कांदिवलीची मुलगी, गोव्यातल्या एका संस्थेत पीएचडी करते. संस्थेचं मशीन बंद पडलं म्हणून ती आमच्याकडे आली होती. प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती आणि मुदत वाढवून घेऊन झाली होती.

"पण चिखलाचे रिझल्ट तर झकास आलेत," सर म्हणाले. "दगडांचं एवढं काय?"

"सर, माझा प्रबंध दगडांवर आहे."

मग तिने समजावलं. तिच्यापेक्षा थोडक्यात मी सांगते. जमिनीवरची हिमनदी पुढे सरकताना खालचा खडक घासते. त्याचं पीठ होतं आणि तुकडेही पडतात. पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर समुद्रात जातं आणि सावकाश तळाला बसतं. दगड तेवढं वाहून जाऊ शकत नाहीत. ते हिमनदीच्या बर्फात अडकलेले असतात. तिचं टोक तुटून हिमनग झाला की दगडही त्याच्याबरोबर निघतात. हिमनग वितळतो तिथे ते खाली मऊ चिखलात पडतात. ज्या थरात दगड जास्त, त्या काळात त्या जागी हिमनगांनी जास्त माल टाकला. म्हणून प्रत्येक थरातले दगड मोजायचे.

आम्ही नेमके तेच काढून टाकले होते.

"वजनाच्या फरकावरून निघतील ना?" सर म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "धुताना मीठही गेलंय. आणि तिला वजन नको, संख्या हवी आहे. थराप्रमाणे."

"म्हणजे वाट लागली."

"कोणाची सर?" प्राजक्ता म्हणाली. "तुमची नाही."

 मग मी सावंतांना विचारलं, "टाकलेत म्हणजे नक्की कुठे टाकलेत?"

"टाकूचे कित्याक? इतके देखणे दगड," सावंत म्हणाले. ते कणकवलीकडचे आहेत आणि अडचणीत आले की मालवणीत शिरतात. "खाली आसत. बाप्पाकडे."

आम्ही सगळे खाली गेलो. आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या गणपतीचं मखर दरवर्षी सावंत करतात. यंदा त्यांच्या गावची नदी होती. निळ्या कागदाचं पाणी आणि दोन्ही काठांना खरे दगड. लॅबमध्ये चाळण्या आहेतच, त्यामुळे दगड आकारानुसार लावलेले. काठाला मोठे, पाण्याकडे बारीक होत जाणारे. धुतलेले, ओव्हनमध्ये वाळवलेले. काही साइटवरचे, काही अंटार्क्टिकाचे.

प्राजक्ता खाली बसली. "मी हे आत्ता घेऊ शकते?"

"उत्तरपूजेआधी मखर हलवूचा नाय," सावंत म्हणाले.

"काका, माझी पाच वर्षं आहेत ह्यात."

"आणि माझी पंचवीस. हात लावू नकोस, बघ हवं तेवढं."

मग तिने बघायला सुरुवात केली. आपल्याकडचा दगड काळा, बसाल्ट. तिचे गुलाबी, करडे, पांढरे. काहींचे पृष्ठभाग सपाट घासलेले आणि त्यांवर बारीक ओरखडे. तो बर्फाचा हात. वेगळे ओळखायला अडचण नव्हती. ती मांडी घालून, डोळ्याला भिंग लावून, हळूहळू मोजत होती. दर्शनाला आलेल्या बायकांनी तिला त्रास नको म्हणून बाजूने रांग वळवली. एकीने तिच्या हातात प्रसाद ठेवला आणि मला हळूच विचारलं, "लग्नाचं आहे का काही?"

"पीएचडीचं," मी म्हणाले.

"मग जास्त कठीण," ती म्हणाली आणि अजून एक पेढा ठेवला.

दगड तर सापडले. पण कोणता कोणत्या थरातला, ते आता गणपतीलाच माहीत होतं. तिला नेमकं तेच हवं होतं.

मी वर जाऊन यादी केली. अडचणीत मी यादी करते, इतर लोक चहा करतात. एक: नवीन कोअर काढणे. कोअर म्हणजे समुद्राच्या तळात पाइप खुपसून काढलेला चिखलाचा लांब दांडा. त्यासाठी बोट अंटार्क्टिकाला जायला हवी. खोडलं. दोन: दगडांवरून थर ओळखणे. त्यांना चिकटलेला चिखल धुऊन गेला होता. खोडलं. तीन: कोअरचा दुसरा अर्धा.

कोअर उभा चिरतात. एक अर्धा कामाला वापरतात, दुसरा हात न लावता थंड खोलीत जपून ठेवतात. तो प्राजक्ताच्या संस्थेत होता. तिने सरांना फोन लावला, म्हणजे तिच्या गाइडना. मी बाजूलाच होते.

"त्याला कापायचं नाही," ते म्हणाले. "एक काप घेऊ देणार नाही मी."

मी फोन घेतला. "कापत नाही सर. आतला फोटो काढतो. CT स्कॅन."

"कुठे?"

"मुलुंडला. माणसांचं करतात तिथे."

 "परत कधी आणाल?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला कळलं की हो म्हणाले.

प्राजक्ता गोव्याला जाऊन भाड्याच्या गाडीने कोअर घेऊन आली. थर्माकोलच्या पेटीत, बर्फात. पेटी मासे आणायची होती, कारण त्या लांबीची दुसरी मिळाली नाही. स्कॅन सेंटरमध्ये देसाई सरांचे मित्र डॉक्टर होते. त्यांनी रविवारी, पेशंट नसताना यायला सांगितलं होतं. रिसेप्शनवरच्या मुलीला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"पेशंटचं नाव?"

"सेक्शन टू," प्राजक्ता म्हणाली. कोअरच्या त्या तुकड्याचं नाव तेच होतं.

"वय?"

"वरच्या बाजूला कमी आहे. खाली दहाएक हजार वर्षं."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. कॉम्प्युटर दोन आकड्यांच्या पुढे घेत नव्हता. आम्ही नव्याण्णववर तडजोड केली.

"उपाशीपोटी आहेत ना?"

"कायमचे," मी म्हणाले.

तिने पेटीचा वास घेतला. "मासे आहेत का मॅडम? मासे आत अलाउड नाहीत."

शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि आम्ही पेटी आत नेली. पाइपचा अर्धा भाग, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, पेशंटच्या जागी आडवा ठेवला. प्राजक्ताने नकळत त्याच्यावर चादर ओढली आणि मग काढली. मशीन फिरलं. स्क्रीनवर करडा चिखल दिसू लागला आणि चिखलात पांढरे ठिपके.

"बाप रे, केवढे खडे," तिथला टेक्निशियन म्हणाला.

प्राजक्ता रडायला लागली. टेक्निशियनने तिला धीर दिला. "औषधाने पडतात काही काही."

खडे जागच्या जागी होते. खालच्या भागात गर्दी, मग पातळ होत होत वरच्या भागात तुरळक. म्हणजे आधी हिमनग भरपूर माल टाकत होते, मग ते कमी झालं आणि वर नुसतं पीठ बसत राहिलं. दोन अर्ध्यांतले दगड सारखे नसतात, पण चढउतार तोच असतो, आणि प्रबंधाला चढउतार पुरतो. तिच्या गाइडनी चित्रं पाहून फक्त "ठीक" असं लिहून पाठवलं. ती म्हणाली, पाच वर्षांत पहिल्यांदाच. प्रबंध मुदतीत गेला.

स्कॅनच्या त्याच रविवारी संध्याकाळी इस्टेटच्या गणपतीचं विसर्जन झालं. उत्तरपूजा झाल्यावर सावंतांनी स्वतः मखर उतरवलं. प्राजक्ताने मोजताना केलेली यादी घेऊन दगड टिकमार्क केले, डब्यांत भरले. एक कमी भरला. गुलाबी, तीन बाजूंनी घासलेला, वर टोक असलेला. सगळ्यांत मोठा.

"काका, तो गुलाबी?"

सावंत मान खाजवू लागले. "त्याचो आकार मोदकासारको होतो ना."

"मग?"

"उंदरासमोर ठेवलेलो. फेविकॉलने."

उंदीर मूर्तीच्या पाटालाच जोडलेला होता. मूर्ती शाडूची. सगळं एकत्र पालिकेच्या कृत्रिम तलावात गेलं होतं. म्हणजे शाडू विरघळून तळाला बसणार, मऊ, बारीक, आणि त्यात एक घासलेला गुलाबी दगड. प्राजक्ता बराच वेळ तलावाच्या दिशेने बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, पुढे कोणी तिथे बोअर मारला तर?"

"तर भांडुपला हिमनग आला होता असं निघेल," मी म्हणाले.

आता SOP च्या चौथ्या पायरीत "टाकून द्या" च्या जागी "विचारा" आहे. सावंतांनी स्वतः चिकटवलं. प्रबंधाच्या तक्त्यात त्या दगडापुढे "परत मिळाला नाही" असं लिहिलंय. देसाई सर फोनवर कबूल केलेली कामं आता मला मेल करतात, बहुतेक वेळा.

माझ्या यादीत एक ओळ अजून शिल्लक आहे. तलाव उपसल्यावर तो गाळ पालिकेने कुठे नेला, ते वॉर्ड ऑफिसला विचारणे. दोनदा जाऊन आले. कोणत्या कारणासाठी हवंय, असं विचारतात. अर्जातला कारणाचा रकाना मी अजून भरलेला नाही.