हिरड्याच्या पन्नीवरचे डाग

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुमुदताई होत्या तोवर धीर झाला नाही. गेल्या महिन्यात त्या गेल्या आणि शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "बाईंचा तो पन्नीचा प्रयोग तेवढा फसला." मी तिथेही खाली मान घालून बसलो... तो प्रयोग फसला नव्हता.

उज्जैनच्या कॉलेजात ताई रसायनशास्त्र शिकवत. मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक. बाजार नुकता खुला झाला होता. दुकानादुकानांत चकचकीत पाऊचच्या माळा लटकत आणि फेकून दिलेल्या त्या पातळ प्लास्टिकच्या पन्न्या रामघाटावरच्या गायी चघळत. "विनायक, गाईनं खाल्ली तरी बाधणार नाही अशी पन्नी करू," ताई म्हणाल्या. जवळच्या भैरवगढचे छिपे, म्हणजे ठशांनी कापड छापणारे कारागीर, छपाईआधी कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, त्यावरून त्यांना सुचलं. बटाट्याचं स्टार्च शिजवून त्यात ग्लिसरीन आणि हिरड्याचा अर्क घालायचा, काचेवर पातळ ओतायचं, वाळलं की सोलायचं. त्या पन्नीत बांधलेल्या पेढ्यांना बुरशी लवकर धरत नसे.

एका बड्या मिठाईवाल्यानं पन्नी बघायचं कबूल केलं. पसंत पडली तर प्रसादाचे पेढे तिच्यातच जाणार होते. ताई परीक्षेच्या कामात, म्हणून ओतायचं काम माझ्याकडे. "काचेवरच ओत हं," त्यांनी बजावलं. काच माझ्या हातून फुटली. दुसरी आणायचा कंटाळा केला आणि लोखंडी पत्रा घासून त्यावर ओतलं. हिरड्याला लोखंड लागलं की काळं पडतं. छिप्यांचा काळा रंग त्यातूनच निघतो, मी स्वतः पाहिलं होतं. सोलताना बारीक ठिपके दिसले. वाटलं, चालून जाईल.

सकाळी बांधलेले ओलसर पेढे दुपारी मिठाईवाल्या शेटजींसमोर आले, तर पन्नीभर काळे डाग.

"अरे मैडम, इसमें तो फफूंद लग गई! भगवान को ये चढ़ाऊँ?" डागांना बुरशी समजून दुकानातले नोकरही हसले. ताईंनी पन्नी उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं.

"काचेवरच ओतलं होतंस ना?"

मी मान डोलावली.

"मग प्रमाण माझंच चुकलं, शेटजी. गलती मेरी है।"

पुढे त्यांनी ती पन्नी कितीदा तरी केली. दर वेळी स्वच्छ निघे, आणि तेच त्यांना छळे. कारण कळेपर्यंत कुणाला दाखवायची नाही, असं त्यांनी ठरवलं. शेटजींकडे प्लास्टिकचे पाऊच आले ते कायमचेच.

शेवटचा भेटलो तेव्हा त्यांच्या खिडकीत काच टेकवलेली होती, तिच्यावर मधाच्या रंगाची पन्नी, अजून न सोललेली.

"उचल जरा. दिसतो का एक तरी डाग?"

"नाही, ताई."

"मग तेव्हा कुठून आले रे?"

मी काच परत खिडकीत टेकवली. "ताई, तो पत्रा..." एवढंच आलं.

"काय म्हणालास?"

"ऊन येतंय तुमच्या डोळ्यांवर," मी म्हणालो. "पडदा ओढू का?"