दोन नंबरचा आवाज

आमच्या मालकांना गेली काही वर्षं नीट ऐकू येत नाही. सगळा जन्म जुन्या ट्रकात काढला. त्या गाड्यांचं इंजिन केबिनमध्येच असतं, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, वर नुसतं पत्र्याचं झाकण. उजव्या कानात वारा आणि डाव्या कानात इंजिन, कान तरी किती सोसतील?

पण हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. "भैऱ्याच्या गाडीत माल कोन भरंल?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता. म्हणून बायको असून मी केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसायला लागले. मागून हॉर्न आला की खांद्यावर टिचकी मारायची, हे माझं काम. गुंजवण्याच्या खाचरांतलं भात भोरला गिरणीत न्यायचं, येताना खताची पोती आणायची, मधूनच डोंगरावरच्या वाडीतली मेंढरं बाजाराला सोडायची. बाईला फिरायची लई हौस, असं गावात बोललं जायचं. मेंढरांच्या दिवशी केबिनमध्ये जो वास भरतो, त्यात या बोलणाऱ्यांना मी एकदा बसवणार आहे.

गेल्या साली भातं निघायच्या तोंडावर गाडीनं टकटक सुरू केली. सकाळी सेल मारून गाडी चालू केली की आवाज यायचा, आणि भरल्या गाडीला चढ लागला की इंजिन मिसिंग करायचं. म्हणजे एक सिलिंडर मधेच काम टाळायचा आणि बाकीच्यांवर ओझं पडायचं. गाडी गचके द्यायची, मागं धूर सोडायची. गचके मालकांना बुडाखाली कळायचे, पण टकटक ऐकू यायची नाही.

"कसा हाय आवाज? जड का बारीक?" त्यांनी घरी विचारलं.

त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी सांगितलं, "बारीक. पोळपाटावर लाटणं आपटल्यागत. उखळात मुसळ पडल्यागत न्हाई."

"सकाळी जास्त का तापल्यावर?"

"सकाळी. तापल्यावर कमी व्हतो."

त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मंग नोझल हाय. डिझेल फवारायच्या जागी गळत आसंल. बेअरिंग आसतं तर तापल्यावर वाढला आसता." एवढं बोलून ते झोपायला गेले. मला फार बरं वाटलं. कारण बेअरिंग म्हणजे इंजिन उतरवणं, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उतरवलं की ते परत चढत नाही. गाडी थेट भंगारात जाते. पन्नाशी उलटलेल्या, दुसरं काहीच न शिकलेल्या माणसानं मग करायचं काय?

दुसऱ्या दिवशी गाडी कापूरहोळला आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. माणूस चांगला, हात हुशार. पण गाडी पोचेपर्यंत इंजिन चांगलं तापलेलं, आवाज निम्म्यावर आलेला. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. मग एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला केला. दोन नंबरचा ढिला केल्यावर आवाज बसला. कुठला सिलिंडर ते कळलं, पण त्या सिलिंडरात बिघाड वर नोझलमध्ये आहे की खाली बेअरिंगमध्ये, ते तेवढ्यावरून कळत नाही. शेजारच्या धाब्यावर चहा पीत बसलेले दोन ड्रायव्हरही येऊन उभे राहिले. आपल्याकडे इंजिनाचं झाकण उघडलं की बघायला माणसं जमतातच.

"दोन नंबरचं बेअरिंग गेलंय," मिस्त्री म्हणाले. "दादा, तुमीबी ऐकला न्हवं आवाज? खालनंच येतोय."

आणि आमच्या मालकांनी मान डोलावली.

मला असा राग आला म्हणता. एरवीही ते असंच करायचे. समोरचा काय बोलतो ते कळलं नाही की हसून मान हलवायची, म्हणजे विषय मिटला. लग्नाकार्यात ते चालतं. इथं त्या एका मानेपायी गाडी जाणार होती. मिस्त्रींनी इंजिन उचलायची साखळी आणायला माणूस पाठवलासुद्धा.

"मिस्त्री, आवाज वरचा हाय," मी म्हणाले. "रोज सकाळी मी ऐकते."

"वहिनी, तुमी चहा घ्या," मिस्त्री म्हणाले. वाईट बोलले नाहीत. मालकानं मान डोलावल्यावर बायकोचं कोण ऐकणार? त्यांच्या जागी मीही ऐकलं नसतं. शब्द दिलेला होता, त्यामुळं पुढं काही बोलता येईना. डोळ्यांत पाणी आलं ते काही अडवता आलं नाही.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मग तिकडून येणाऱ्या साखळीकडं बघितलं. काय चाललंय ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि त्या दोन ड्रायव्हरांच्या देखत म्हणाले, "मिस्त्री, मला ऐकू येत न्हाई. लई दिस झालं. आवाजाचं हिला इचारा."

मिस्त्रींनी हात पुसले आणि माझ्याकडं वळून विचारलं, "वहिनी, सांगा. कसा येतो?"

मी सगळं सांगितलं. थंड असताना जास्त, तापल्यावर कमी, हे ऐकल्यावर मिस्त्रींनी साखळी बाजूला ठेवायला लावली, पण त्यांना पटलेलं दिसत नव्हतं. मालक म्हणाले, "दोन नंबरचं नोझल काडून पाचात घाला आन पाचाचं दोनात. आवाज दोनातच ऱ्हायला तर खोला इंजिन. म्या काय म्हननार न्हाई."

अदलाबदल झाली. इंजिन निवेपर्यंत मुद्दाम थांबलो. मग मिस्त्रींनी सेल मारला. टकटक होतीच. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर दोन नंबरवर ठेवला, मग पाच नंबरवर सरकवला, आणि तिथंच कान लावून हसले. बेअरिंग काही जागा सोडून दुसऱ्या सिलिंडरात जात नाही. मालक मात्र मिस्त्रींकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. मी पाच बोटं दाखवली. त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली.

नोझल बदललं. नव्या नोझलवर गाडी भरल्या पोत्यांनिशी चढ चढली, एकदाही गचका दिला नाही. मिस्त्रींचे उपकार आहेतच. पटलं नसतानाही त्यांनी साखळी बाजूला ठेवली, हे सगळ्यांना जमत नाही. मला खरे हात जोडावेसे वाटत होते ते मालकांना. गाडीत तसं म्हणाले, तर इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून रात्री जेवायला वाढताना मोठ्यानं म्हणाले, "आज लई उपकार केले बगा तुमी."

"म्या काय केलं? ऐकलं तूच." त्यांनी ताट पुढं ओढलं. "आता कळलं लोकांस्नी तर कळू दे. पाठनं हाका मारून मारून रुसलीत. आता तरी म्हनतील, माज न्हवता त्याला."

माज आलाय, असं पारावर म्हणत होते, ते मी कितीदा ऐकलं होतं. घरी येऊन त्यांना कधी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना ते ठाऊक होतं. मी तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात ठेवली, आणि ती गरम आहे हे सांगायचंही राहून गेलं.